दहा बाय बाराच्या एकाच खोलीत बाळाचा पाळणा आणि शिवणकामाचा कोपरा: वाड्यातल्या जुन्या वस्तू कशा वापराव्यात?

लातूरची_वहिनी

नमस्कार मंडळी. धाकट्या जाऊबाईंचं बाळ आषाढात घरी येईल. माझं शिवणकाम चालतं त्याच खोलीत पाळणा ठेवायचं घरात ठरलंय. खोली १० × १२ फूट, वर स्लॅब, एक खिडकी उत्तरेला आणि एक पश्चिमेला. गावाकडचा वाडा उतरवताना निघालेलं सामान हाताशी आहे: सागवानी पाळणा (कठड्याच्या दांड्यांना पिवळा-हिरवा रंग, पितळी साखळ्या), पत्र्याची मोठी ट्रंक, पायमशीन, आजेसासूबाईंची सात-आठ सुती लुगडी, रुखवतातले मॅटीवरचे कशिद्याचे रुमाल, पितळी भातुकली आणि एका पैठणीचा विरलेला पदर.

विचारायचं आहे ते असं. पाळणा घासून पुन्हा रंगवावा का? एका दांडीखाली पिठासारखा भुसा पडतो, त्याचं काय करायचं? लुगड्यांची बाळासाठी वाकळ शिवायची तर माप आणि थर किती घ्यायचे? भिंतींना काय द्यावं? आणि सुया-कात्र्या, मशीन हे बाळाच्या खोलीत कसं बसवायचं? बाजारातलं प्लास्टिकचं कार्टून-बिर्टून नकोय, घरचंच सगळं लावायचं मनात आहे.

सुतारमेट_परभणी

वहिनी, पाळणा अजिबात घासू नका, निदान कोरडा तरी नाहीच. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरली ती २०१६ च्या नियमांनी, आणि अंमल सुरू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा पिवळा, केशरी, लाल, हिरवा ऑइलपेंट शिशाचाच धरून चालायचं. रंग लाखेचा असला तरी निर्धास्त होऊ नका. पूर्वी पिवळ्यासाठी हरताळ आणि केशरीसाठी शेंदूर वापरत. हरताळात आर्सेनिक, शेंदरात शिसं. पॉलिशपेपर मारला की हीच धूळ घरभर होते आणि गरोदर बाईच्या व बाळाच्या पोटात जाते. वरून नवा रंग चढवूनही भागत नाही, कारण दात येऊ लागले की बाळ कठडाच चावतं.

रंगीत दांड्या बदलणं हाच सरळ मार्ग. खरादीकडून सागाच्या पाऊण इंची नव्या दांड्या ओढून घ्या. चौकट, पाये, वरची आडवी कमान जुनीच राहू द्या. चौकटीवर थोडाफार रंग असेल तर पेंट रिमूव्हर लावून, ओलं असतानाच पत्तीने उचलायचा. हे काम अंगणात, खाली प्लास्टिक पसरून आणि तोंडाला चांगला मास्क बांधून करायचं. खरवड त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर काढा, चुलीत घालू नका.

दांड्या बदलताना फटही मोजा. दोन दांड्यांमधलं अंतर ६ सेंटीमीटरच्या आत हवं. जुन्या पाळण्यांत ते ८-९ सेंटीमीटर सर्रास सापडतं, आणि तेवढ्या फटीतून बाळाचं धड सरकून डोकं अडकतं. ९ सेंटीमीटरच्या फटीत मधोमध एक २ सेंटीमीटरची दांडी आली की साडेतीनच्या दोन फटी होतात. भोकं अर्धा इंच खोल पाडा आणि दांडी गोंद लावून बसवा. खिळा मारला की दांडी टोकाला चिरते आणि झोक्याने खिळा वर येतो.

भुशाचं म्हणाल तर पीठ ताजं, मऊ आणि रोज पडत असेल तर कीड जिवंत आहे. सागाच्या नारात (आतल्या गाभ्याच्या लाकडात) ती सहसा जात नाही, पांढऱ्या कडेच्या लाकडात जाते. बाळाच्या वस्तूला कीटकनाशक किंवा रॉकेल लावायचं नाही. चैत्र संपत आलाय, तेव्हा उन्हाचाच उपयोग करा. पाळणा सुटा करून भाग काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि गच्चीवर विटांवर ठेवून दुपारभर तापवा, असं चार-पाच दिवस. किडा आणि अंडी मरायला लाकडाच्या गाभ्यात ५५ अंश पोचून तास-दोन तास टिकावे लागतात. ४२ च्या उन्हात काळ्या प्लास्टिकखाली पातळ दांड्यांना हे जमतं, पण तीन इंची पायाला जमेलच असं नाही. म्हणून जाड भागावर बारीक भोकं दिसली तर तेवढा तुकडा कापून जोड द्या. नंतर काळा कागद खाली अंथरून आठ दिवस बघा. पीठ पडलं नाही तरच पुढचं काम.

फिनिशला दोन पर्याय. पहिला चपडा लाख: १ लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये २५० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा आणि मलमलच्या बोळ्याने चार-पाच पातळ हात द्यायचे. दुसरा कच्चं जवसाचं तेल. दुकानात ‘उकळलेलं’ म्हणून मिळतं ते नको, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. घाण्यावरचं जवस तेल चालतं, फक्त हात अगदी पातळ द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून काढायचं आणि एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. आपल्या उन्हाळ्यातही एका हाताला आठवडाभर लागतो. शेंगदाणा तेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट वास धरतं. महत्त्वाचं म्हणजे जवस तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती स्वतःच तापते आणि पेट घेते. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर एकेरी पसरा.

टांगण्याबद्दल. पंख्याच्या हुकाला पाळणा नको. पंखा चार-पाच किलोचा आणि जागच्या जागी फिरणारा; पाळणा साखळ्यांसकट पंचवीस किलोच्या घरात आणि सतत हलणारा. माळवदाच्या घरात तुळईला कडी असायची, स्लॅबमध्ये ती सोय नाही. एक तर लोखंडी स्टँड करून घ्या, नाहीतर ८ मिलिमीटरची प्लेट चार १० मिलिमीटरच्या अँकर बोल्टनी खऱ्या काँक्रीटमध्ये बसवा. नुसत्या गिलाव्यात धरलेला बोल्ट झोक्याने महिन्याभरात सैल होतो. साखळीच्या कड्यांत बोट चिमटतं, त्यावर सुती कापडाची नळी शिवून चढवा. नळीच्या नाड्या लोंबत्या ठेवू नका.

पाळण्याचा तळ नवारीचा असेल तर त्यावर ९ मिलिमीटरचं प्लाय टाका, हवेसाठी चार-चार इंचांवर अर्धा इंची भोकं पाडून. नवार मधे खोल जाते, बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. गादी दोन इंच जाडीची, घट्ट, आणि पाळण्यात अशी बसायला हवी की कडेला दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहणार नाही.

धावदोरा

लुगड्यांकडे मी वळते. आधी पारख करा. प्रत्येक लुगडं उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी उभं-आडवं ताणा. ‘चर्र’ आवाज आला तर ते विरलंय, आतल्या थरात घाला. जे ताणाला टिकतं ते वरच्या आणि खालच्या थराला. टेरीकॉट-नायलॉनचं लुगडं निघालं तर बाजूला ठेवा. ते घाम शोषत नाही आणि टाक्याखाली सरकतं.

सगळी लुगडी गरम पाण्यात धुवून, खळ काढून, उन्हात कडक वाळवा. न धुता शिवलीत तर पहिल्याच धुण्यात एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त आटतो आणि वाकळीला फुगे येतात. रंग जातो का ते पांढरा ओला रुमाल घासून बघा. जुन्या लाल आणि हिरव्या काठांचा रंग बऱ्याचदा सुटतो. मिठाच्या पाण्याने तो पक्का होत नाही, तेव्हा असे काठ कापून भिंतीवरच्या कामासाठी ठेवा.

माप: तयार ३६ × ४२ इंच. कापड चारी बाजूंनी दोन इंच जास्त घ्या, कारण धावदोऱ्याने वाकळ आकसते. थर पाचच: वर एक, खाली एक, मधे तीन. सातावर गेलात की सुई जात नाही आणि आपल्या पावसाळ्यात वाकळ आतून वाळत नाही, कुबट होते. जमिनीवर चटई टाकून एकेक थर हाताने सपाट करत पसरा आणि मध्यापासून कडेकडे सहा-सहा इंचांवर कच्चे टाके घाला. हा कच्चा टाका टाळला तर शेवटच्या कोपऱ्यात सगळी चूण गोळा होते आणि ती उसवल्याशिवाय निघत नाही.

मग कडा आत दुमडून चौफेर शिवा आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत जा. दोन ओळींत अर्धा ते पाऊण इंच, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. वर दिसणारा टाका छोटा आणि खालचा थोडा मोठा चालतो. दोरा सुती, दुपदरी, हातभरच घ्यायचा. लांब घेतला की पीळ सुटून तुटतो. गाठ थराच्या आत ओढून लपवा, पृष्ठभागावर एकही गाठ नको, बाळाच्या पाठीला रुतते. आरसे, टिकल्या, मणी, गोंडे काही लावायचं नाही. वेगळ्या रंगाच्या काठाचा एखादा त्रिकोण कोपऱ्यात बसवलात तर तेवढंच देखणं दिसतं.

एक लुगडं कापू नका, अखंड ठेवा. बाळंतिणीच्या बाजूला दोन भिंतींमध्ये दांडी टाकून त्याचा पडदा करता येतो. शिवणकामाची बाजू त्यानेच वेगळी होईल. काठ खाली आणि पदर दाराकडे दिसेल असा लावा.

हौशी_बीड

छान चाललंय. मी सुचवेन की दांड्यांना आतून जाड कापसाची झालर बांधा, लुगड्याच्याच कापडाची. डोकं आपटत नाही आणि रंगीत दांड्या झाकल्या जातात, बदलायचा खर्च वाचतो. आणि वाकळ जरा मोठी करून पाळण्यातच दुहेरी अंथरा, बाळाला मऊ लागेल.

परिचारिका_नांदेड

हौशीताई, झालर आणि मऊ दुहेरी अंथरूण, दोन्ही नको. पहिलं वर्षभर बाळ झोपेल तिथे घट्ट सपाट गादी आणि तिच्यावर ताणून खोचलेली एक चादर, बस्स. उशी, लोड, झालर, सैल वाकळ, कापडी बाहुल्या काहीच नाही. तान्ह्याला तोंडावर आलेलं कापड बाजूला करता येत नाही आणि मऊ पृष्ठभागात नाक रुतलं तर मान फिरवता येत नाही. झोपवायचं नेहमी पाठीवर. फटी ६ सेंटीमीटरच्या आत असतील तर झालरीची गरजही उरत नाही.

मग इतक्या कष्टाने शिवलेली वाकळ कुठे वापरायची? बाळ जागं असताना जमिनीवर पालथं घालायला, अंघोळीनंतर मालिशीला, आईच्या मांडीवर, आणि एरवी भिंतीवर दांडीला टांगून.

वहिनींनी विचारलं नाही, पण हे सांगणं गरजेचं आहे. लुगडी ट्रंकेत डांबर गोळ्यांबरोबर ठेवलेली असतील तर त्या कपड्याला बाळ लावण्याआधी दोन-तीनदा धुवून, उन्हात वाळवून वास पूर्ण घालवा. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. अशा बाळांच्या लाल पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थालीनने फुटतात आणि जोराची कावीळ होते. बाहेरून बघून कुणाला आहे ते कळत नाही. पुढे ट्रंकेत सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी ठेवा.

पाळण्यावर चिमणाळं (टांगत्या कापडी चिमण्या) मात्र जरूर करा. चार इंची चौकोन घ्या, तिरका दुमडून त्रिकोण करा, दोन उघड्या बाजू शिवून दीड इंचाचं तोंड ठेवा, उलटा करून भरा आणि तोंड शिवून टाका. एका टोकापासून पाऊण इंचावर दोरा ओढून मान करा, दुसऱ्या टोकाला चुणी घालून शेपूट. डोळे दोऱ्याचेच भरा, मणी नकोत. भरायला घरच्या वेचणीचा कच्चा कापूस घेऊ नका. सरकीतलं तेल कापडावर डाग पाडतं आणि सरकीत गुलाबी बोंडअळी दडून राहते. पिंजाऱ्याकडून सरकी काढलेला, पिंजलेला कापूस आणा. पाच चिमण्या आठ इंची भरतकामाच्या रिंगेला टांगा, दोरा प्रत्येकी सात इंचांच्या आत. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला फिकट गुलाबी-आकाशीपेक्षा काळा-पांढरा-लाल हा ठळक फरक नीट दिसतो, म्हणून चंद्रकळेच्या काळ्या कापडाला लाल काठ जोडलात तर उत्तम.

रिंग थेट तोंडावर नको, पायांच्या बाजूला, गादीपासून दीड फुटावर. बाळ हातांवर उठायला लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की चिमणाळं काढायचं. कुशीवर वळू लागलं की हलणारा पाळणाही बंद करून बाळाला जमिनीवरच्या गादीवर न्यायचं.

भातुकली दिसायला गोड असते, पण ती उंच फळीवरच शोभू द्या. जुन्या भांड्यांच्या जोडात शिशाचं डाख (झाळ) असतं, आणि ३ सेंटीमीटरपेक्षा लहान वाटी-पळी बाळाच्या घशात जाते.

रंगारी_जालना

भिंतीचं थोडक्यात. आधीचा रंग ऑइल किंवा प्लास्टिक पेंट असेल तर चुना धरणार नाही, पापुद्रे सुटतील. तिथे पाण्यातला कमी वासाचा इमल्शनच द्या. उघडा गिलावा किंवा जुना चुनाच असेल तर चुन्यासारखं काही नाही: १ किलो कळीचा चुना ५ लिटर पाण्यात विरवून, दोन रात्री मुरवून, फडक्यातून गाळून तीन पातळ हात. कळी विरताना पाणी उकळतं, चष्मा घाला आणि बादली लोखंडी घ्या, प्लास्टिकची वितळते. चिमूटभर निळीने पिवळटपणा जातो. काहीही द्या, बाळ यायच्या महिनाभर आधी संपवा.

वारली बऱ्याच जणांना सुचते, पण ती तिकडे पालघरची. इथलं काही हवं तर गेरूची पट्टी, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, चार इंच रुंद. गेरू वस्त्रगाळ करा आणि पाण्यात दहास एक फेविकॉल घाला, नाहीतर हाताला लागत राहतो. पट्टीच्या वर अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात आहे तशी हंसांची ओळ स्टेन्सिलने काढता येईल. जुन्या एक्स-रे फिल्मवर आकार कापा आणि स्पंजने जवळजवळ कोरडा रंग टिपा. रंग पातळ झाला की फिल्मच्या खाली पळतो आणि हंसाची मान जाड होते. ओळ उत्तरेच्या भिंतीवर घ्या; पश्चिमेच्या खिडकीसमोर दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही येतात.

पायमशीन_संभाजीनगर

मशीन उत्तरेच्या खिडकीशी ठेवा. दिवसभर सारखा उजेड, सावली पडत नाही. पाळणा आतल्या भिंतीला, दोन्ही खिडक्यांपासून आणि कूलरच्या थेट झोतापासून लांब.

पायमशीनचा धोका सुईपेक्षा चाकाचा जास्त. रांगतं बाळ पायट्याला हात घालतं आणि चाकाच्या आरीत बोट जातं. काम संपलं की चामडी पट्टा चाकावरून उतरवून ठेवायची सवय लावा, आणि बाळाकडच्या बाजूला ६ मिलिमीटरचं प्लाय स्टँडला तारेने बांधा. तेल मशीनचंच घाला. खोबरेल थंडीत थिजतं आणि आत चिकटा धरतं. सुती दोन थरांना १४ नंबरची सुई, तीन-चार थरांना १६ किंवा १८; वाकळीचे पाच थर हातानेच.

कात्री, टाचण्या, रोटरी कटर पाच फुटांच्या वर. वाड्यातल्या खुंट्या निघाल्या असतील तर सागाच्या फळीवर सहा-सहा इंचांवर बसवा, दोऱ्याच्या रिळांना आणि कात्र्यांना झकास. टाचण्या मोजून, २५ च्या पटीत एका उशीत ठेवल्या की एखादी हरवली तर लगेच कळतं. दिवसाअखेर लोहचुंबक जमिनीवरून फिरवा, पण तो मोठा घोड्याच्या नालाचा. ते चिमुकले चमकते चुंबक घरात आणूच नका. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना चिकटून भोक पाडतात. बटण सेलवर चालणाऱ्या दिव्यांच्या माळाही नकोत, तो सेल घशात अडकला की दोन तासांत अन्ननलिका जळते.

ट्रंक मशीनच्या बाजूला कापडासाठी ठेवा. झाकण जड असतं, दोन्हीकडे स्टे (झाकण उघडं धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) बसवा किंवा झाकण काढून वर गादी शिवा. मागच्या बाजूला अर्धा इंची तीन भोकं पाडा, कुणी मूल आत बसलं तर हवा राहते. कोपऱ्याचा गंज घासून रेड ऑक्साइड द्या, पण घासण्याआधी जुना रंग बघा, वर सुतारमेटनी सांगितलेला नियम इथेही लागू.

लातूरची_वहिनी

खूप खूप आभार सगळ्यांचे. दांड्या खरादीकडे टाकते, झालर रद्द. फक्त पैठणीचा पदर आणि कशिद्याचे रुमाल राहिले. ते धुवून काचेत बसवावेत का?

धावदोरा

रुमाल धुवा, पैठणी धुऊ नका.

मॅटीचे रुमाल कोमट पाण्यात रिठ्याच्या पाण्याने, न चोळता. आधी प्रत्येक रंगाचा दोरा ओल्या कापसाने टिपून बघा. लाल सुटत असेल तर तो रुमाल कोरडाच झटका. वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री, खाली टॉवेल घालून, म्हणजे भरीव टाका चपटा होत नाही.

पदर रेशमाचा आहे, पाणी लागलं की विरलेले धागे तुटतात आणि जरीचे धागे काळे पडतात. मऊ ब्रशने धूळ काढा. पदरापेक्षा दोन इंच मोठी धुतलेली पांढरी मलमल घ्या, पदर तिच्यावर सैलसर पसरा आणि बारीक सुईने रेशमी दोऱ्याचे छोटे टाके फक्त काठातून आणि धड धाग्यांतून घ्या. फेविकॉल किंवा दुहेरी टेप लावू नका, दोन-तीन वर्षांत पिवळे डाग वर येतात. मलमल पुठ्ठ्यावर मागून दोऱ्याने ताणून बांधा. फ्रेमवाल्याला सांगा की काच कापडाला टेकता कामा नये, मधे पाव इंचाची पट्टी हवी, आणि काचेऐवजी ॲक्रिलिक. हे काम मृगाच्या आधी उरका. दमट हवेत फ्रेम बंद केली की आत बुरशी धरते.

फ्रेम दोन स्क्रूंवर, पाळण्याच्या आणि आईच्या पलंगाच्या डोक्यावर सोडून कुठेही. पश्चिमेचं ऊन त्या भिंतीवर येत असेल तर तिथेही नको, एका उन्हाळ्यात रेशमाचा रंग उडतो.